बेचाळिसावा ‘येतो’

माणूस घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. कानोसालाही माहीत आहे. त्याच्या पोटात सगळे शब्दकोश आहेत, वऱ्हाडीपासून मालवणीपर्यंत सगळ्या बोली आहेत. तरीही याच एका शब्दापायी त्याने माझ्या डोळ्यांदेखत एक माणूस मरू दिला, आणि मीही मरू दिला. हे सगळं मी शांतपणे सांगेन अशी कुणाची अपेक्षा असेल, तर त्याने पुढे वाचू नये.

मी कल्याणी हुजरे, राज्य संवाद दलाच्या कोल्हापूर तुकडीतली उपनिरीक्षक. कुणी टाकीवर चढतो, कुणी घरच्यांना कोंडून सुरा घेऊन बसतो. तिथे बंदुका पोचायच्या आधी जे नुसते बोलायला जातात, ते आम्ही. मला दुसरं काही व्हायचंच नव्हतं. कॉलेजात असताना आमच्या गल्लीतला एक माणूस गच्चीच्या कठड्यावर उभा होता, आणि एक जाडजूड पोलीस खाली दोन तास मान वर करून त्याच्याशी म्हशींच्या दुधाबद्दल बोलत होता. तो माणूस उतरला. पोलीस मान चोळत चहा प्यायला गेला. तेव्हाच मी ठरवलं की हेच करायचं.

तो पोलीस म्हणजे इंगवले साहेब. पुढे त्यांनीच मला शिकवलं. आडनावाच्या बाबतीत माणूस महातापट. लोक हटकून ‘इंगोले’ म्हणायचे आणि साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. एकदा मोठ्या समारंभात त्यांना सन्मानपत्र मिळालं, त्यावर ‘इंगोले’ छापलं होतं. साहेबांनी ते व्यासपीठावरच परत केलं आणि जेवण न करता घरी गेले.

साहेब निवृत्त झाले त्या वर्षी कानोसा आला. शाळेच्या डब्याएवढं यंत्र, वर एक दिवा आणि यंत्राची खात्री दाखवणारा आकडा. त्यामागचं विज्ञान खोटं नाही, हे मला कबूल करावंच लागतं. मेंदूतून निघणाऱ्या एका मोठ्या मज्जातंतूची एक फांदी गळ्यातले स्वरतंतू हलवते, आणि त्याच्याच दुसऱ्या फांद्या हृदयाचा वेग सांभाळतात. म्हणून भीती, राग, निर्धार हे सगळं आवाजात उमटतं. आपल्या कानाला ऐकू न येणारी थरथर, श्वासाची लांबी, शब्दाआधीचा निमिषभराचा अडखळा हे सगळं कानोसा मोजतो. मग ते जुन्या हजारो प्रसंगांशी ताडून बघतो आणि पुढे काय होईल ते सांगतो. हिरवा दिवा म्हणजे माणूस वाचणार, लाल म्हणजे मरणार किंवा मारणार, पिवळा म्हणजे अजून ठरलेलं नाही. मग तुमच्या कानात एक गोड आवाज पुढचं वाक्य सांगतो आणि तुम्ही ते म्हणायचं.

तेच म्हणायचं, पदरचं काही नाही. पदरचं बोललात तर त्याला ‘विचलन’ म्हणतात. विचलन झालेला कॉल यंत्राला शिकायला देत नाहीत, कारण म्हणे त्याने त्याची शिकवण बिघडते. आणि तीन विचलनं झाली की अधिकारी दलातून बाहेर.

माझी दोन झाली होती. पहिलं एका दारुड्याला ‘गप बस की जरा’ म्हणाले म्हणून. तो हसला आणि सुरा टाकून खरंच गप बसला. दुसरं गच्चीवर चढलेल्या एका बाईला ‘गॅस बंद करून आलीस का?’ असं विचारलं म्हणून. ती ‘अगं बाई!’ म्हणून धावत खाली आली. दोघंही जिवंत आहेत आणि माझ्या सेवापुस्तकात दोन लाल शेरे आहेत. शिवाय आम्हा कोल्हापूरच्या बायकांना ‘मी आलो, मी जातो’ असं बोलायची सवय. त्यावरून पहिला महिनाभर यंत्राने माझी नोंद पुरुष म्हणून केली होती. ते मात्र विचलन नव्हतं, ती तांत्रिक बाब होती.

सोमनाथ गुरव बसचालक होता, वय चौतीस. एप्रिलमध्ये तो पाण्याच्या टाकीवर चढला. मी दीड तास कानातली वाक्यं म्हटली. ऊन मी म्हणत होतं. शेवटी तो एकदम शांत झाला आणि म्हणाला, “बरं मॅडम, येतो.”

दिवा हिरवा झाला. कानातला आवाज म्हणाला, ‘चार मिनिटं मौन. त्यांना उतरू द्या.’

इंगवले साहेबांनी मला एक गोष्ट बजावून शिकवली होती. माणूस ‘जातो, मरतो’ म्हणून ओरडत असेल तर तो भांडतोय, त्याला अडवून घ्यायचंय. पण तो शांतपणे ‘येतो’ म्हणाला की घाबर. तो निरोप घेतोय. “कशावरनं?” असं मी तेव्हा विचारलं होतं. “कळतं,” एवढंच ते म्हणाले होते.

म्हणजे मला माहीत होतं. टाकीखाली उभी असताना मला पूर्ण माहीत होतं. पण तिसरं विचलन झालं तर नोकरी जाणार होती, आणि दिवा हिरवा होता, आणि मी मूग गिळून बसले. दुसऱ्या मिनिटाला सोमनाथने उडी मारली.

मी अहवाल लिहिला. आमच्या उपअधीक्षक सबनीस मॅडम पुण्याहून आलेल्या आहेत. कधी आवाज चढवत नाहीत. त्यांनी अहवाल वाचून तो दोन बोटांनी माझ्याकडे सरकवला.

“हुजरे, शांत आवाजातले एक्केचाळीस ‘येतो’ आहेत यंत्राकडे. त्यातले बहुतेक इंगवल्यांच्याच रेकॉर्डिंगमधले. एक्केचाळीसही जण जिवंत बाहेर आले.”

“साहेब मला उलटं शिकवायचे, मॅडम.”

“मग त्यांनी दिलेल्या चारशे रेकॉर्डिंगमध्ये तसं एकही उदाहरण का नाही? आता तर बेचाळीस झालेत. गुरवचाही त्यात धरलाय.”

“तो मेला की!”

“तो उतरत होता. पाय घसरला. अंतिम अहवालात तसंच आहे,” मॅडम म्हणाल्या. “दिवा हिरवा होता ना? मग तो उतरतच होता.”

तशीच उठले आणि थेट इंगवले साहेबांच्या घरी गेले. दारातच त्यांच्यावर तोंड सोडलं. यंत्र खोटं की तुम्ही खोटे? मला रुबाब दाखवायला बनवून सांगितलंत का? तुमच्या एकाही रेकॉर्डिंगमध्ये ते नाही म्हणतात, आणि तुमच्या शब्दावर मी आयुष्यभर विसंबले! वास्तविक मी विसंबले नव्हतेच, विसंबले असते तर सोमनाथ वाचला असता. पण माणूस रागात स्वतःचं पाप आधी दुसऱ्याच्या पदरात टाकतो. साहेबांनी चहा करून पुढे ठेवला. मी तो न पिता निघून आले.

त्यानंतर नवव्या दिवशी, भर दुपारी, मला फोन आला. इंगवले साहेब आमच्याच इमारतीच्या तळघरात, वायूच्या खोलीत, आतून कडी लावून बसले होते.

कानोसाची सगळी साठवण तळघरात आहे. तिथे आग लागलीच तर विझवायला पाणी चालत नाही, म्हणून वायू सोडायची व्यवस्था आहे. त्याचा लाल दांडा आतल्या छोट्या खोलीत असतो. तो ओढला की बघता बघता खोलीतला प्राणवायू हटतो. आग विझते, यंत्राला ओरखडाही येत नाही, माणूस मात्र जगत नाही. साहेबांना तिथवर जायला काहीच अडचण आली नाही. पहारेकऱ्याने सलाम ठोकून आत सोडलं होतं.

मी पोचले तेव्हा दारासमोर सबनीस मॅडम आणि दार तोडणारे चौघे उभे होते. स्टुलावर कानोसा, दिवा पिवळा.

“त्यांनी तुलाच बोलवायला सांगितलं,” मॅडम म्हणाल्या. “यंत्र सांगेल तेवढंच बोल. तुझी दोन झालीयेत, लक्षात आहे ना?”

दाराला मूठभर आकाराची काच होती. आत साहेब प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात बूट, एक हात दांड्यावर.

कानात आवाज आला. मी म्हणाले, “मी इथंच आहे. घाई कुणालाच नाही.”

आतून खवचट हसू ऐकू आलं. “हे माझं वाक्य हाय, हुजरे. शिरोळच्या टाकीखाली बोललोतो मी. आता पाणी विचारशील बघ.”

कानातला आवाज म्हणाला, ‘तुम्हाला पाणी हवं आहे का?’

मी दिव्याकडे पाहिलं. मॅडमनी माझ्याकडे डोळे वटारले. मी म्हणाले, “तुम्हाला पाणी हवंय का?”

“चोरटं कुठलं,” साहेब म्हणाले. ते मला की यंत्राला, कळलं नाही.

यंत्र सांगत गेलं, मी म्हणत गेले, आणि प्रत्येक वाक्याला साहेब गावाचं नाव सांगत गेले. त्यांचेच शब्द मी त्यांच्या तोंडावर मारत होते. माझी मलाच शिसारी आली. शेवटी यंत्राने एक बरा प्रश्न दिला. “तुमची मागणी काय आहे?”

“मागणी न्हाई. शिकवणी घ्यायला आलोय.” साहेबांचा आवाज खाली आला. “तू घरी येऊन शिव्या घातल्यास त्या बरोबरच होत्या. चारशे टेपा दिल्या मी यंत्राला. सात न्हाई दिल्या.”

त्यांच्या तरुणपणीही टेपा राहिल्या नव्हत्या, पण साहेब रेकॉर्डिंगला टेपच म्हणायचे.

“कुठल्या सात?” हे विचलन ठरलं नाही. योगायोगाने यंत्रानेही तेच सांगितलं.

“मेलेल्या. माझ्याशी बोलत बोलत मेलेल्या सात जणांच्या. लाज वाटली गं. बावीस वर्षांत एकसुद्धा माणूस गेला न्हाई म्हणून माझं नाव व्हतं. कुणी विचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई. त्या सातात पाच जणांचा शेवटचा शब्द काय हाय, ओळख बघू?”

मला ओळखायची गरज नव्हती. एक्केचाळीस जण जिवंत का आले ते मला तिथे, त्या दारापाशी कळलं. यंत्र खोटं बोलत नव्हतं. ‘येतो’ म्हणून मेलेला माणूस त्याने कधी ऐकलेलाच नव्हता. एका म्हाताऱ्याने स्वतःच्या अब्रूसाठी पाच मेलेली माणसं दडवली, आणि त्या भोकातून सोमनाथ खाली पडला.

“परवा टेपा घेऊन आलोतो हितं,” साहेब म्हणाले. “म्हणाले, जुनं रेकॉर्डिंग आता चालत न्हाई. कानोसासमोर झालेला कॉलच यंत्र शिकतं. म्हटलं, ठीक हाय. कानोसासमोरच करू. टाकीवरनं उडी मारली तर म्हणतील पाय घसरला. हितं खुर्चीत बसल्यावर कसला पाय घसरतोय?”

मी मॅडमकडे पाहिलं. परवा साहेब आले होते हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. त्या खाली मान घालून फोनवर काहीतरी बघत होत्या.

आत साहेबांनी शर्टाची कॉलर सारखी केली. एक लांब श्वास घेतला. मग इतक्या वर्षांत मी कधी न ऐकलेल्या मऊ आवाजात म्हणाले, “बरं हुजरे. येतो.”

दिवा हिरवा झाला. आकडा शहाण्णव टक्के. कानात गोड आवाज म्हणाला, ‘चार मिनिटं मौन. त्यांना बाहेर येऊ द्या.’

मॅडमनी निःश्वास सोडला. चौघांना हाताने मागे व्हायची खूण केली. त्यातल्या एकाने खिशातून तंबाखूची डबीसुद्धा काढली. सगळ्यांचे चेहरे असे सैल झाले होते, जसे टाकीखाली त्या दिवशी झाले होते.

मी कानातलं यंत्र उपटून फरशीवर आपटलं.

“हुजरे!” मॅडम ओरडल्या. त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

“साहेब,” मी काचेला तोंड लावून म्हणाले, “मेलात तरी उपयोग नाही. कॉल बाटवला मी. विचलन झालं. असला कॉल यंत्राला शिकायला देत नाहीत, फेकून देतात. तुम्ही निवृत्त झाल्यावरचा नियम आहे, तुम्हाला माहीत नसणार.”

हात दांड्यावर तसाच होता. “खोटं बोलायलीस.”

“विचारा की सबनीस मॅडमना! तुमचं मरण कचऱ्यात जाणार आज. आठवा मुडदा, आणि तोही दडवलेला.”

आत शांतता. ती शांतता मला नको होती. त्या शांततेत माणूस स्वतःशी बोलतो, आणि साहेब आता स्वतःशी काय बोलत असतील ते मला ठाऊक होतं, की यंत्र शिकलं नाही तरी मला तर मरायचंच आहे. त्यांना माझ्याशी बोलायला लावायला हवं होतं. भांडायला लावायला हवं होतं. नाकाला मिरच्या झोंबतील असं काहीतरी हवं होतं, आणि ते मला एकच माहीत होतं.

“ऐकतोयस का रे, इंगोले?” मी म्हणाले.

काचेपलीकडे मान गर्रकन वळली.

“काय म्हणालीस?”

“इंगोले म्हणालो! तुलाच. उद्या पेपरात हेच छापून येणार. निवृत्त निरीक्षक इंगोले यांचा मृत्यू. फोटोखाली इंगोले, शोकसभेच्या फलकावर इंगोले. परत करायला व्यासपीठावर तू नसणार.”

“तोंड सांभाळ, हुजरे! साहेबाला अरेतुरे करायलीस?”

“कसला साहेब? पाच माणसं चष्म्याच्या घरात कोंडून ठेवलीस नव्हं का तू?” साहेब मौल्यवान वस्तू चष्म्याच्या घरात ठेवायचे, हे मला पूर्वीपासून माहीत होतं. “आणि आता मरून मोठा व्हायला बघतोयस. सोमनाथच्या बायकोपुढं उभं राहून सांग की, माझ्यामुळं मेला म्हणून! तेवढी छाती नाही. भित्रा आहेस तू, इंगोले!”

माझ्या मागे दिवा लाल झाला. ब्याण्णव टक्के. आवाजातला राग बघून यंत्राने ठरवलं होतं की हा माणूस आता मरणार.

“दार तोडा,” मॅडम म्हणाल्या.

चौघे पुढे आले. मी दाराला पाठ लावून हात पसरले. “दाराला हात लावला तर ते दांडा ओढतील. माझ्या अंगावरनं जावं लागेल.”

“तुझी नोकरी गेली आहे, हुजरे. बाजूला हो.”

“गेलीच आहे ना? मग आता ऑर्डर कुणाला देताय?”

आणि माझ्या पाठीमागून, लोखंडी दारातून, गल्लीभर ऐकू जाईल असा आवाज आला. “व हाय त्यात, व! इंग-व-ले! दहा वर्सं शिकवलं तुला, आणि माझं आडनाव बाटवतीस व्हय गं? थांब, कानाखाली जाळच काढतो! यंत्र नगं, तू नगं, कुणी नगं मला! चुलीत घाला सगळं! जातो मी घरी!”

जातो.

दिवा समोर लालभडक होता, सत्त्याण्णव टक्के, आणि मी दाराला टेकून वेड्यासारखी हसत होते, रडतही होते. कडी निघाली. साहेब बाहेर आले, घामाने शर्ट अंगाला चिकटलेला. त्यांनी माझ्यावर हात उगारला, तो तसाच हवेत थांबला, आणि मग माझ्या खांद्यावर येऊन पडला. त्यांचं सगळं वजन त्या हातात होतं. दुसऱ्या हाताने त्यांनी खिशातून चष्म्याचं घर काढलं आणि माझ्या हातात कोंबलं. आत चष्मा नव्हता, त्या सात रेकॉर्डिंगची चिप होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडमनी मला खोलीत बोलावलं. बसायला सांगितलं नाही. कालचा कॉल त्यांनी ‘विचलनामुळे अपूर्ण’ म्हणून बाद केला होता. इंगवले साहेबांवर अनधिकृत प्रवेशाचा गुन्हा दाखल होता. टेपांबद्दल विचारलं तर म्हणाल्या की आरोपीच्या रेकॉर्डिंगवर दल कसा विश्वास ठेवणार? यंत्राकडे शांत आवाजातले बेचाळीस ‘येतो’ होते, आणि बेचाळीसच राहणार होते.

“तू त्यांना वाचवलंस हे मी नाकारत नाही,” त्या म्हणाल्या. “पण तू नशिबाने वाचवलंस. दल नशिबावर चालत नाही. इथे सही कर.”

मी सही केली. ओळखपत्र टेबलावर ठेवलं. कॉलेजापासून मला फक्त हेच व्हायचं होतं, आणि त्याची किंमत म्हणून जो कागद उरला होता तो मॅडमनी दोन बोटांनी आपल्या बाजूला सरकवला. वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, फार वाईट वाटलं.

“ते चष्म्याचं घर पुरावा म्हणून जमा कर,” मॅडम म्हणाल्या.

“कसला पुरावा? दलाला त्याचा उपयोग नाही असं आत्ताच म्हणालात तुम्ही.”

खिडकीतून खाली फाटक दिसत होतं. फाटकापाशी सोमनाथची बायको उभी होती, पाय घसरल्याचा अहवाल हातात धरून. शेजारी वकीलबाई होत्या, आणि दोघींच्या जरा मागे, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, मान खाली घालून इंगवले साहेब. त्या बाईपाठी ते सकाळपासून उभे होते. तिने अजून त्यांच्याकडे वळून पाहिलं नव्हतं.

मी चष्म्याचं घर पिशवीत टाकलं.

“कुठे निघालीस?” मॅडमनी विचारलं.

दारात वळून मी म्हणाले, “जातो.”

मॅडमच्या टेबलावरचा कानोसा चालूच होता. दिवा लाल झाला. मॅडमनी एकदा दिव्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि फोन उचलला. या वेळी यंत्राचं बरोबर होतं. त्या अहवालाचा जीव घ्यायलाच मी निघाले होते.